डॉक्टर घडवणाऱ्यांची शाळा

 ५ सप्टेंबरला, शिक्षकदिनी, शाळाशाळांत गुरुजनांचे सत्कार होतात. वैद्यकीय महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांना मात्र शुभेच्छा येतात त्या १ जुलैला, डॉक्टर म्हणून. सकाळी ओपीडी, मग वॉर्ड किंवा शस्त्रक्रिया आणि त्यातूनच वेळ काढून लेक्चर आणि क्लिनिक, असा ज्यांचा दिवस जातो, ते शिक्षकही आहेत याचा आपल्याला विसर पडतो. शाळेत शिकवायचं तर बी.एड. लागतं. एम.डी., एम.एस. झालेला डॉक्टर मात्र थेट वर्गात उभा राहतो आणि आपल्याला जसं शिकवलं गेलं तसंच शिकवू लागतो. वैद्यकीय शिक्षणतंत्राची मूलभूत कार्यशाळा आता पदोन्नतीसाठी सक्तीची आहे, हे चांगलंच झालं. पण ती दोन-तीन दिवसांत आटोपते आणि खरे प्रश्न त्यानंतर पडू लागतात.

ते प्रश्न कसे असतात? मेडिसिनच्या वॉर्डात एका खाटेभोवती पंधरा विद्यार्थी उभे आहेत. रुग्णाची पानथरी वाढलेली आहे, हाताला सहज लागते. प्रत्येकाला ती चाचपून पाहायची आहे. चार-पाच जणांचे हात लागून झाल्यावर रुग्ण अंग चोरू लागतो, पुढे तोंड फिरवतो. पोट तपासता न येणारा डॉक्टर बाहेर पाठवायचा नाही आणि या माणसाचे हालही करायचे नाहीत, तर शिक्षकाने काय करावं? पाठ्यपुस्तकात याचं उत्तर नाही. ते दुसऱ्या गावातल्या एखाद्या शिक्षिकेजवळ असतं, कारण तिने त्याच अडचणीतून वाट काढलेली असते: दोघांनीच तपासायचं, बाकीच्यांनी तपासणाऱ्याचा हात आणि रुग्णाचा चेहरा पाहायचा, उरलेल्यांची पाळी दुपारी, दुसऱ्या रुग्णाजवळ, त्याची परवानगी घेऊन. अशी जाण एकाकडून दुसऱ्याकडे जायला पूर्वी अधिवेशनाची वाट पाहावी लागे. आज संध्याकाळी घरून विचारलेल्या प्रश्नाला रात्रीपर्यंत चार महाविद्यालयांतून उत्तरं येऊ शकतात.

या वाटेची एक सुरुवात मुंबईतच झाली. फिलाडेल्फियाच्या ‘फेमर’ या संस्थेने भारतातलं आपलं पहिलं प्रादेशिक केंद्र २००५ मध्ये परळला, केईएम रुग्णालयाच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात उघडलं. पाठोपाठ लुधियाना आणि कोइमतूरची केंद्रं आली. दोन वर्षांच्या या फेलोशिपमध्ये प्राध्यापक थोडे दिवस एकत्र येतात आणि बाकीचा काळ आपापल्या गावी राहून, नोकरी सांभाळून, इंटरनेटवरून एकमेकांशी बोलत राहतात. प्रत्येकाने आपल्या महाविद्यालयात शिकवण्यातला एखादा बदल करून पाहायचा, तो कुठे अडला ते सांगायचं आणि इतरांनी त्यात लक्ष घालायचं. चर्चेचे विषय चालवण्याची जबाबदारीही फेलोंवरच असते. बाहेरचा तज्ज्ञ येऊन भाषण देऊन गेला, असं इथे होत नाही. आम्हाला यातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते.

कारण आपल्याच विभागात प्रश्न विचारणं सोपं नाही. सहायक प्राध्यापकाने विभागप्रमुखांना ‘सर, माझ्या क्लिनिकमध्ये मुलं झोपतात, काय करू?’ असं विचारायला धाडस लागतं. गोपनीय अहवाल त्यांनाच लिहायचा असतो. पाचशे किलोमीटरवरच्या, त्याच इयत्तेला त्याच अडचणींनिशी शिकवणाऱ्या सहकाऱ्याला हे मोकळेपणाने विचारता येतं. ज्या पेशात ‘मला जमत नाही’ म्हणणं कमीपणाचं समजतात, तिथे अशी एक जागा असणं आम्हाला नव्या इमारतीइतकंच गरजेचं वाटतं.

२०१९ मध्ये एमबीबीएससाठी क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला आणि ही गरज एकदम वाढली. वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद हे वर्गात शिकवण्याचे विषय झाले. शवविच्छेदनाच्या टेबलावरचा मृतदेह म्हणजे विद्यार्थ्याचा पहिला गुरू, यावर शरीररचनाशास्त्राच्या शिक्षकाने सत्र घ्यायचं. पण त्याने स्वतः असं सत्र कधी अनुभवलेलं नसतं. लॉगबुक आली. शंभर-दीडशे मुलांची कौशल्यं प्रत्यक्ष पाहून सही करायला वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न प्रत्येक महाविद्यालयाला पडला. वर्षभरात टाळेबंदी लागली आणि खाटेजवळचं शिक्षण पडद्यावर आणावं लागलं. त्या दिवसांत शिक्षकांनी एकमेकांचा हात धरला नसता तर एका पिढीचं फार नुकसान झालं असतं.

दूर राहून समव्यावसायिकांकडून शिकण्याने खरंच फरक पडतो का, ही शंका रास्त आहे. न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये ‘इको’ प्रकल्प सुरू केला. खेड्यांतले डॉक्टर व्हिडिओवरून विद्यापीठातल्या तज्ज्ञांशी आणि एकमेकांशी रुग्णांबद्दल बोलत आणि हिपॅटायटिस-सीचे उपचार करत. त्यांचे निकाल विद्यापीठाच्या दवाखान्याइतकेच चांगले असल्याचं २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. तिथे विषय उपचारांचा होता. शिकवण्याच्या बाबतीतही हा मार्ग नेटाने चालवून पाहण्याजोगा आहे.

मात्र वेबिनारला याच मापाने मोजू नये. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणी-नूतनीकरणासाठी पाच वर्षांत तीस क्रेडिट लागतात, म्हणून कॅमेरा बंद ठेवून ऐकलेलं व्याख्यान वेगळं आणि आपल्या वर्गातली अडचण चारचौघांत मांडणं वेगळं. अशा गटांना पथ्यंही हवीत. रुग्णाचा फोटो किंवा नाव तिथे येताच कामा नये. बोलणारे पाच आणि वाचणारे पंचाण्णव अशी गत झाली, तर चर्चा चालवणाऱ्याने गप्प असलेल्यांना नावाने हाक मारावी.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात एकाच दिवशी दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. त्यांत गडचिरोली, हिंगोली, वाशीम, बुलढाणा, जालना आहेत. नव्या महाविद्यालयात मुरलेल्या शिक्षकांची पिढी तयार नसते. तिथला तरुण शिक्षक ज्याच्याकडे पाहून शिकेल असा माणूस शेजारच्या खोलीत असेलच असं नाही. त्याला नागपूरशी, सेवाग्रामशी, परळशी जोडून देणं आजच शक्य आहे आणि त्याला खर्चही फार नाही.

खर्च आहे तो वेळेचा. पदोन्नतीसाठी शोधनिबंध मोजले जातात, हजेरी आधारशी जोडलेल्या यंत्रणेत लागते. सहकाऱ्याच्या प्रश्नावर विचार करून लिहिलेलं उत्तर मात्र कोणत्याच रकान्यात बसत नाही. आरोग्य विज्ञान विद्यापीठाने आठवड्याचा एक तास अधिकृतपणे या कामाला द्यावा, तो कामाच्या वेळेतच असावा आणि त्यात परिचर्या, दंतवैद्यक, फिजिओथेरपी, आयुर्वेदाच्या शिक्षकांनाही सामावून घ्यावं. रुग्णाशी बोलायला कसं शिकवायचं, हा प्रश्न या सगळ्यांचा सारखाच आहे. आणि त्या तासाला ज्येष्ठ विभागप्रमुखांनीही यावं, स्वतःला न सुटलेला एखादा प्रश्न घेऊन.