वऱ्हाडचे दोन रकार

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत यंदां छापावयास द्यावयाचा होता. निरनिराळ्या शाखांनीं आपापलीं टिपणें संगणकावर लिहून धाडलीं, व पुतण्यानें तीं एकत्र केलीं. 'वऱ्हाड' हा शब्द शोधून त्यानें वऱ्हाडांतील शाखांची सूची काढली. तींत धाकट्या आजोबांची शाखा नव्हती. ती शाखा तर येथील, मंगरूळपीरचीच! मंगरूळपीर वऱ्हाडांत नाहीं, असें का कोणी म्हणेल?

टिपण उघडून पाहतों तों शब्द जागच्या जागीं होता. दोष कोणाचा? वाचकहो, आपण अक्षर पाहतों. यंत्र अंक पाहतें. युनिकोड या जागतिक संकेतांत देवनागरीच्या वर्णांस व चिन्हांस क्रमांक आहेत, जोडाक्षरांस नाहींत. वऱ्हाडांतील अर्धा रकार दोन रीतींनीं साधतो. एक, 'ऱ' या स्वतंत्र वर्णास हलन्तचिन्ह जोडून. दुसरी, साध्या 'र'पुढें हलन्तचिन्ह व एक अदृश्य जोडचिन्ह ठेवून. रूप एकच, अंक निराळे. म्हणून साधा शोध फसतो.

कोरियाची लिपि याहून भाग्यवान्. राजा सेजोंग यानें १४४६ सालीं प्रसिद्ध केलेल्या त्या लिपींत सुटे वर्ण एका चौकटींत बसवून अक्षर होतें. आद्य व्यंजनें १९, स्वर २१, अंत्य व्यंजनें २७ व अंत्य व्यंजन नसण्याचा एक प्रकार, म्हणजे २८, गुणाकार ११,१७२. या साऱ्या सिद्ध अक्षरांस १९९६ च्या आवृत्तींत सलग क्रमांक मिळाले. तींच अक्षरें सुटे वर्ण जोडूनही लिहितां येतात. परंतु दोन्ही रूपें एकच मानावीं, असा नियम संकेतांतच आहे. आमच्या दोन रकारांस असा नियम नाहीं.

हा रकार संस्कृतांत नाहीं. तो मराठीचें स्वतःचें धन आहे. त्याच्यावांचून 'आचार्यास' दिलेली दक्षिणा व 'आचाऱ्यास' दिलेली मजुरी यांत भेद उरणार नाहीं.

पुतण्यानें सर्वत्र 'ऱ'ची रीत लावली. दुसरी रीत जुन्या आवृत्तीशीं मेळ राहावा म्हणून ठेवलेली आहे. धाकट्या आजोबांची शाखा तत्काळ सूचींत आली. ज्या घरीं जुनें दप्तर संगणकावर चढविण्याचें काम चाललें असेल, त्यांनीं आरंभींच एक रीत ठरवावी आणि सूची छापण्यापूर्वीं एकदां डोळ्यांनींही वाचावी.