‘लेस्ट’ आणि आपली ‘नाहीतर’निष्ठा

इंग्रजीतील ‘लेस्ट’ या जुन्या वळणाच्या उभयान्वयी अव्ययासाठी आपले अनुवादक डोळे मिटून ‘नाहीतर’ लिहितात आणि अनुवादाचे समीक्षकही त्याकडे काणाडोळा करतात. ही केवळ शब्दनिवडीतील ढिलाई नव्हे. तिच्यामुळे वाक्यातील भय कोणाचे, हेच बदलून जाते.

व्युत्पत्ती पाहावी. प्राचीन इंग्रजीतील ‘थी लॅस थे’ या पदसमूहाचा अर्थ ‘ज्यायोगे उणे की’. पहिले पद गळाले, उरलेली दोन एकजीव झाली. अंत्य ‘ट’ हा त्या ‘थे’चाच अवशेष. (‘लीस्ट’ या तमभाववाचकापासूनच ते थेट आले असे मानणे ही ध्वनिसाम्याची भूल आहे.) लॅटिन ‘क्वोमिनुस’ची घडण अशीच. नकार अव्ययातच मुरलेला असल्याने पुढील क्रियापद होकारार्थी राहते. आपल्या शालेय व्याकरणांनी मात्र ‘लेस्ट’ची ‘शुड’शी कायमची गाठ मारून दिली आणि विद्यार्थी वर आणखी एक ‘नॉट’ चढवू लागले! १६११च्या बायबल-भाषांतरात ‘शुड’वाचूनचे प्रयोग विपुल आहेत, याची आठवण कोण देणार?

आता ‘नाहीतर’कडे वळू. ‘तिने मुलाचा हात धरला, नाहीतर तो पडला असता’ या वाक्यात पडण्याची ग्वाही निवेदक देतो. ‘तो पडेल म्हणून तिने हात धरला’ यात शंका तिची आहे. मूल पडले असते की नाही, याविषयी निवेदक मौन पाळतो. ‘लेस्ट’ दुसऱ्या जातीचे आहे. कादंबरीच्या अनुवादात पहिली रचना योजणारा पात्राच्या मनातील धास्ती काढून निवेदकाच्या तोंडी घालतो, आणि मग आपण त्याच अनुवादाच्या आधारे परिसंवादांतून दृष्टिकोनाची चर्चा करतो.

‘पडू नये म्हणून’ हा पर्याय काहींना अधिक काटेकोर वाटेल. त्यात हेतू उतरतो, पण धास्ती निवते. ‘पडेल म्हणून’मध्ये क्रियापद होकारार्थी आहे, अगदी ‘लेस्ट’नंतर असते तसे, आणि ‘म्हणून’ हे मुळात ‘म्हणणे’चेच रूप असल्याने ती भीती जणू मनाशी उच्चारली जाते. अर्थात ‘पाहुणे येतील म्हणून स्वयंपाक केला’ यात भय नाही, हे मान्य. तेथे संदर्भ पाहावा लागतो. तेवढे कष्ट अनुवादकाने घ्यावेत, ही अपेक्षा अवाजवी आहे काय?