ठोकळ्यांमागचा माणूस

नव्वदच्या दशकात वस्तीतली पोरे ठोकळ्यांच्या ‘ब्रिक गेम’वर तुटून पडत. परवा मोबाईलवर तोच खेळ पुन्हा खेळलो. तेव्हा नजर गुणांवर असायची. आता कारकुनी डोळ्यांना त्यामागचा हिशेब दिसला.

चार चौकोनांचे सात आकार, एवढेच भांडवल! हा टेट्रिस १९८४ साली मॉस्कोत सरकारी संगणक केंद्रातल्या अलेक्सी पाजित्नोव यांनी रचला. हक्क सोव्हिएत सरकारकडे गेले. १९८९ पासून गेम बॉयवर कोट्यवधी प्रती खपल्या. मूळ कर्त्याला रॉयल्टी मिळू लागली ती १९९६ पासून. बारा वर्षे डोके एकाचे, गल्ला दुसऱ्याचा!

मुलांना जरूर खेळू द्या. पण सोबत विचारायलाही शिकवा : हे घडवले कोणी, आणि पैसा गेला कोणाकडे?