चेहऱ्यावरचे केस आणि आपलं मौन



गेल्या महिन्यात मी पार्लरमध्ये जाऊन डर्माप्लेनिंग करून घेतलं आणि पंधरा दिवस संघटनेत कुणालाही सांगितलं नाही. 'माझं शरीर माझं आहे' असं शिबिराशिबिरांतून सांगत आलेली मी, हनुवटीवरच्या दहा-बारा केसांसाठी गुपचूप गेले. केस असल्याची जेवढी लाज वाटत होती, तेवढीच ते काढून घेतल्याचीही वाटली. ही दुहेरी लाज माझ्या एकटीची नसावी, म्हणून लिहिते आहे.

आधी हा प्रकार काय आहे ते सांगते, कारण माहिती नसल्यामुळेच आपण फसतो. ऑपरेशनला वापरतात तसल्या धारदार पात्यानं, कातडी ताणून धरून, साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून चेहरा हलक्या हातानं खरवडतात. बारीक लव निघते आणि तिच्याबरोबर कातडीचा सगळ्यात वरचा, मृत पेशींचा थरही निघतो. अर्धा-पाऊण तास लागतो. नीट केलं तर दुखत नाही. नंतर चेहरा गुळगुळीत लागतो, थोडा लाल होतो, आणि ती लाली काही तासांत किंवा फार तर एक-दोन दिवसांत जाते. नवी कातडी उन्हाला नाजूक असते, म्हणून ऊन टाळायचं, सनस्क्रीन लावायचं, स्क्रब आणि झोंबणारी क्रीमं काही दिवस बंद ठेवायची. तीन-चार आठवड्यांत लव पुन्हा येते. चेहरा 'उजळला' म्हणतात तो वरचा थर गेल्यामुळे तजेलदार दिसतो एवढंच. मूळ रंग बदलत नाही, आणि बदलायची गरजही नाही.

एक भीती मात्र खोटी आहे. पातं फिरवलं की केस दाट आणि जाड येतात, असं आपल्या आया-मावश्यांनी आपल्याला सांगितलं. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ सालीच अभ्यास करून दाखवलं होतं की वस्तऱ्यानं केसाची जाडी, रंग किंवा वाढीचा वेग बदलत नाही. केसाचं निमुळतं टोक कापलं जातं, उरलेलं टोक बोथट असतं, म्हणून ते हाताला खरखरीत लागतं.

आता माझा अनुभव. पार्लरमधली मुलगी बावीस-तेवीस वर्षांची असेल. माझा चेहरा उजेडात धरून म्हणाली, "मॅडम, तुम्ही एवढे दिवस कशा राहिलात?" हे विचारलं, पण जे विचारायला हवं होतं ते एकही नाही. मी रक्त पातळ ठेवायची गोळी घेते. मलाही ते सांगायचं सुचलं नाही. जबड्याच्या कडेला पातं लागलं आणि रक्त थांबेना. कापूस दाबून धरलेला तिचा हात थरथरत होता. हळूच म्हणाली, "काकू, मोठ्या मॅडमना सांगू नका हं. पगारातून कापतील." मघाची 'मॅडम' एका क्षणात 'काकू' झाले.

बसल्या बसल्या आम्ही बोललो. दुसऱ्या मुलीचं बघून ती हे काम शिकली. कुणाला करू नये, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. सकाळी दहा ते रात्री आठ उभ्यानं काम, आणि महागडी ट्रीटमेंट गिऱ्हाइकाच्या गळी उतरवली तर थोडं कमिशन. मग म्हणाली, "माझ्यापण हनुवटीवर येतात काकू. मी दर रविवारी दोऱ्यानं काढते. पाळीपण तीन-तीन महिने येत नाही." इतकी वर्षं ती दुसऱ्यांचे चेहरे साफ करते आहे आणि तिच्या स्वतःच्या हनुवटीवरचे केस काही सांगताहेत, हे तिला कुणी म्हणालं नव्हतं.

माझ्या मते सगळ्यात गंभीर गोष्ट हीच आहे. लव वेगळी आणि हनुवटीवरचे जाड, काळे केस वेगळे. लव सगळ्याच बायकांना असते. जाड केस पुष्कळदा संप्रेरकांमुळे येतात. पाळी जाण्याच्या वयात स्त्री-संप्रेरकं कमी होतात आणि शरीरात आधीपासून असलेल्या पुरुष-संप्रेरकांचा परिणाम उठून दिसतो. माझं तेच झालं होतं. खरं तर डर्माप्लेनिंग हा माझ्या केसांवरचा उपाय नव्हताच, तो लवेसाठी आहे. तरुणपणी असे केस येत असतील आणि पाळीही अनियमित असेल, तर पीसीओएसची तपासणी करायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पाळी येण्याच्या वयातल्या १०० बायकांमध्ये १० ते १३ जणींना पीसीओएस असतो, आणि त्यांतल्या ७० टक्क्यांपर्यंत बायकांना त्याचा पत्ताच नसतो. पुढे मधुमेहाचा धोका वाढतो, मूल हवं असेल तेव्हा अडचण येऊ शकते. घराण्यातच केस जास्त असतात, अशाही बायका आहेत. त्यांना काहीही झालेलं नसतं. पण कोणाचं काय, हे पातं कसं सांगणार?

लाज वाटते म्हणून बाई डॉक्टरकडे जात नाही, पार्लरमध्ये जाते. ही लाज कुठून येते? २०२४ साली उत्तर प्रदेशात दहावीला राज्यात पहिल्या आलेल्या मुलीचा फोटो प्रसिद्ध झाला आणि लोकांनी तिचे मार्क सोडून ओठांवरचे केस मोजले. दोन मार्क कमी पडले असते तर बरं झालं असतं, अशा अर्थाचं ती पोर बोलली. त्यावर रेझर विकणाऱ्या एका कंपनीनं तिच्या नावानं वर्तमानपत्रात पानभर जाहिरात दिली, तिला धीर देण्याच्या मिषानं. बाजार आपल्या अपमानाचाही माल करतो तो असा.

बाईचे केस आणि वस्तरा यांचं नातं महाराष्ट्राला नवं नाही. नवरा मेला की बाईचं डोकं भादरायचे, ती कुणाच्या नजरेत भरू नये म्हणून. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायला नकार दिला. तेव्हा बाई कुरूप दिसावी म्हणून केस काढायचे, आज ती नजरेत भरावी म्हणून काढतात. डोक्यावरचे असोत की हनुवटीवरचे, ते ठेवायचे की नाही हे ठरवणारी ती नसते, हे मात्र तसंच राहिलं.

मग काढूच नयेत का? मी असं म्हणणार नाही. आपल्या चळवळीत पार्लरला जाणाऱ्या बाईकडे जरा तुच्छतेनं पाहायची सवय आहे, ती मला आता पटत नाही. दुकानात काउंटरवर उभी राहणारी मुलगी, लग्नासाठी चारदा 'पाहिली' गेलेली मुलगी, यांना 'ठेव की केस' म्हणणं सोपं आहे. त्यांना किंमत मोजावी लागते, आपल्याला नाही. काढायचे असतील तर खुशाल काढाव्यात, पण माहिती घेऊन. आणि ठेवायचे असतील तर कुणी हसू नये, आपण तर नाहीच नाही.

म्हणून काही गोष्टी सुचवते. पातं नवं, निर्जंतुक, आपल्यासमोर पाकीट फोडून काढलेलं हवं, नसेल तर उठून यावं. पिकलेले मुरूम, ओठांवरचं नागिणीसारखं पुरळ, इसब, चामखीळ असेल तर करू नये, कारण संसर्ग पसरतो. जखमेचे वण फुगणाऱ्या बायकांनी, रक्त पातळ करणारं किंवा मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन हे औषध घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. आपल्या सावळ्या कातडीवर ओरखड्याचे काळे डाग महिनोन् महिने राहू शकतात, हे लक्षात ठेवावं.

आणि आपल्यासाठी: आरोग्य शिबिरात आपण पाळीवर, पांढऱ्या पाण्यावर बोलायला शिकलो. आता चेहऱ्यावरच्या केसांवरही बोलू या. या शिबिरांना पार्लरमध्ये काम करणाऱ्या मुलींना मुद्दाम बोलवू या. बायकांचे चेहरे रोज सगळ्यात जवळून त्याच पाहतात. त्यांना नीट प्रशिक्षण मिळालं, चुकीसाठी पगार कापला जाणार नाही याची हमी मिळाली, तर 'आधी का नाही आलात' याऐवजी 'पाळी नियमित येते ना?' असं त्या विचारतील.

त्या मुलीला मी आमच्या ओळखीच्या डॉक्टर बाईंकडे पाठवलं आहे. तपासण्या चालू आहेत. माझ्या हनुवटीवरचे केस परत आले आहेत, या वेळी ते काढायचे की नाही हे अजून ठरवलेलं नाही. पण मागच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं, तेव्हा चौदांपैकी नऊ जणींनी आपापली हनुवटी चाचपली आणि आम्ही पोट धरधरून हसलो. तुमच्याकडे काय आहे? लिहून कळवा.