मुहूर्ताचा भाव

कापसाच्या मुलखातल्या माणसाला शेअरबाजाराची एक गोष्ट निराळी शिकवावयास नको. जामच्या चौरस्त्यावरून हिंगणघाटच्या बाजारात कापूस नेणाऱ्या कोणालाही विचारा. मुहूर्ताच्या दिवशी पहिल्या गाडीची पूजा होते, शेतकऱ्याला शेला-नारळ मिळतो आणि भावही चढा पुकारला जातो. त्या भावाने हुरळून कोणी घरचा सगळा कापूस अडवून ठेवू लागला, तर जुनी माणसे एवढेच विचारतात, “आवक किती होती, बापू?”

मुंबईच्या शेअरबाजारातही १९५७ पासून दिवाळीला मुहूर्ताचे सौदे होतात. तासाभराचा मामला! घेणारे शकुनापुरते घेतात, आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी घरची लक्ष्मी विकावयास कोण धजणार? त्या तासात निर्देशांक चढला म्हणून वर्ष बरे जाईल असे मानणारे मानोत बापडे.

शेअरबाजारात आवकेचे काम उलाढाल करते. म्हणजे दिवसभरात किती नग या हातातून त्या हातात गेले ती संख्या. समजा, एखाद्या शेअरचे रोज सरासरी ५०,००० नग फिरतात. तो एके दिवशी १०० रुपयांवरून १०५ वर गेला, पण नग फिरले अवघे २,०००. ही तेजी चार-दोन घेणाऱ्यांची. तेच दोन लाख नग फिरून भाव १०५ झाला असता, तर पुष्कळांनी आपला पैसा त्या भावामागे उभा केला असे म्हणता येते. मंदीचेही तसेच. मात्र तुलना त्या शेअरच्या स्वतःच्या सरासरीशी करावी, शेजारच्या शेअरशी नव्हे. अमेरिकेत जोसेफ ग्रॅनव्हिल याने १९६३ साली उलाढालीच्या बेरीज-वजाबाकीवर एक पद्धतच रचली: भाव चढलेल्या दिवसाचे नग मिळवावयाचे, उतरलेल्या दिवसाचे वजा करावयाचे. आपल्या जुन्या अडत्यांनी हाच हिशेब बहुधा पुस्तकावाचून केला असता!

परंतु उलाढालही सोवळी नसते. तेच नग आपसांतच फिरवून गर्दीचा देखावा करता येतो. २००१ साली गाजलेल्या केतन पारेख प्रकरणात अशा फिरत्या सौद्यांचा बराच बोभाटा झाला. पुढे सेबीने त्याला १४ वर्षे बाजारबंदी केली. म्हणून फिरलेल्या नगांपैकी प्रत्यक्ष ताब्यात किती घेतले गेले, तो आकडाही पाहावा. शेअरबाजार तो रोज जाहीर करतो, आणि तो फुकट मिळतो. म्हणूनच की काय, फारसे कोणी पाहत नाही.

लहानशा कंपन्यांच्या शेअरमध्ये पगारातले पैसे घालणारी तरुण मंडळी आता जामसारख्या गावीही भेटतात. भाव रोज वरच्या मर्यादेला टेकतो, विकणारा नसतो. मोबाइलवर आकडा दिसतो, नग मिळत नाहीत. मग एके दिवशी नग भरपूर मिळू लागतात, उलाढाल एकदम फुगते, आणि एकदाचे मिळाले म्हणून घेणारा पेढे वाटतो. इतके नग विकले कोणी, हा प्रश्न त्याला पडतो तो भाव खालच्या मर्यादेला टेकू लागल्यावर. तेव्हा घेणारा नसतो.