कंप नसलेला कंपवात

सुरंगीचे वळेसार घरात आले की बाबांना ते ओसरीवरूनच कळायचं. एका वर्षी आई वळेसार घेऊन त्यांच्या पुढ्यातून गेली, तरी पेपरातून मान वर झाली नाही. मग बांगड्याच्या हुमणात तिरफळं घातलीच नाहीत म्हणून कुरकुर सुरू झाली. सर्दी असेल, आम्ही म्हटलं.

पुढे बद्धकोष्ठ जडलं. आरतीतला त्यांचा खडा आवाज खाली गेला. रात्री झोपेत ते कुणाशी तरी भांडायचे, हातपाय झाडायचे. आईला दोनदा लाथ बसली. शेजारच्या एका आजींनी देवचाराला रोट द्यायला सांगितलं. (दिलाही!) चेहरा हलेनासा झाला तेव्हा मी वैतागून म्हटलं, "बाबा, तुमचं कशात लक्षच नसतं आजकाल." ते काही बोलले नाहीत.

हात थरथरू लागला तो आठ वर्षांनी. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "यांना वास येतो का?" आई आणि मी एकमेकांकडे पाहत राहिलो.

मला वाटतं, अर्धा घोळ नावाचा आहे. आपण म्हणतो कंपवात. जेम्स पार्किन्सनने १८१७ साली लिहिलेल्या निबंधाच्या नावातही थरथरच होती. त्यामुळे सगळे हाताकडे बघत बसतात. काही रुग्णांना तर कंप येतच नाही. वास जाणं, बद्धकोष्ठ, उदासी ही लक्षणं कित्येक वर्षं आधी येऊ शकतात. त्यांत झोपेचं लक्षण सर्वांत बोलकं. एरवी स्वप्न पडताना आपलं अंग सैल पडलेलं असतं. तो लगाम सुटला की माणूस स्वप्नातली मारामारी खाटेवर करतो.

आता, पोट साफ नाही म्हणून कुणी घाबरून जाऊ नये. वास कोविडनंतरही अनेकांचा गेला. पण अशी दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली, तर 'वय झालं' म्हणून गप्प न बसता मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवावं. आणि खाजकुयलीच्या बियांची पूड आपल्या मनाने देऊ नये. तिच्यात लेवोडोपा असतं हे खरं, म्हणूनच गोळ्यांबरोबर ती घेतली तर प्रमाण बिघडतं.

लवकर कळून उपयोग काय, रोग थांबवणारं औषध तर नाही, असं एक स्नेही म्हणाले. नाही, हे खरं. पण झोपेवर, पोटावर, उदासीवर इलाज आहेत, व्यायाम वेळेत सुरू करता येतो. आणि मी ते वाक्य बोललो नसतो.

परवा एका मित्राचा फोन आला. त्याचे वडील झोपेत ओरडतात, परवा खाटेवरून खाली पडले. मी विचारलं, "त्यांना वास येतो का रे?"

तो म्हणाला, "थांब, आईला विचारतो."