'मानवाने केले' म्हणजे कोणी केले?



सहामाही परीक्षेत आम्हांला 'पर्यावरणाचा ऱ्हास' हा निबंध आला होता. मी लिहिले होते, 'मानवाने स्वार्थापायी निसर्गाची हानी केली आहे.' गुरुजींनी शेजारी 'छान' असा शेरा दिला. पण आता ते वाक्य मला अर्धेच वाटते. मानव म्हणजे नक्की कोण?

माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण मार्च महिन्यापासून रोज उशिरा येते. प्रार्थना संपली की ही दाराशी उभी! आम्ही तिला 'लेट गाडी' म्हणून चिडवायचो. मीसुद्धा चिडवले. एके दिवशी तिची वही द्यायला सकाळीच वस्तीवर गेले. तिथला हापसा कोरडा पडला होता. दांडा कितीही हाणला तरी नुसता खडखडाट. ती आणि तिची आई लांबच्या मळ्यातल्या विहिरीवरून घागरी आणत होत्या. रोज चार खेपा झाल्या की मग ती दप्तर भरते. मला फार लाज वाटली.

परत येताना आमच्या शेतावरून आले. मोटार चालू होती. सरीतून पाणी खळखळ वाहत होते आणि ऊस हिरवागार डुलत होता. आमचा बोअर साडेतीनशे फूट खोल आहे. वस्तीचा हापसा त्यापेक्षा कितीतरी उथळ. गुरुजी सांगतात की, जमिनीखालचे पाणी कुणाचा बांध ओळखत नाही. मग हापशाचे पाणी आमच्या सरीत तर आले नसेल?

घरी विचारले तर अण्णा म्हणाले, "पाऊसच पडंना, त्याला आपण काय करणार? अन् बोअरसाठी कर्ज मी काढलंय." अण्णांचे खोटे नाही. पाऊस लहरी झालाय हे खरेच. पण आजी म्हणाली, "बहात्तरच्या दुष्काळात खायाला नव्हतं गं. खडी फोडली, सुकडीवर दिवस काढले. पर आडाला प्यायापुरतं पाणी हुतं." तेव्हा आमच्या गावात एकही बोअर नव्हता. आज पावसाने थोडी ओढ दिली की घसा कोरडा पडतो, कारण जमिनीत मुरते त्याहून जास्त आपण उपसतो. २०१६ साली तर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले.

म्हणून माझे मत असे आहे की, हा दोष 'मानवाचा' म्हणून सगळ्यांच्या माथी सारखा मारू नये. माझ्या मैत्रिणीची आईसुद्धा मानवच आहे. तिच्याकडे ना बोअर, ना मोटार, ना ऊस. तिने पाणी घेतले ते डोक्यावर मावेल तेवढेच. उपसणारा एक आणि घागर वाहणारा दुसरा, हा न्याय नव्हे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह केला. तेव्हा पाण्याच्या आड जात आली होती. आज आमच्या हापशावर कुणी कुणाला अडवत नाही. पण ज्याच्याजवळ पैसा त्याचा बोअर खोल, आणि ज्याचा बोअर खोल त्याचेच पाणी. अडवणूक ती अडवणूकच.

कुणी म्हणेल, याला इलाज नाही. पण इलाज करून दाखवणारी गावे आपल्याच राज्यात आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातील नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. तिथे पाणी जमिनीवर नाही, तर घरातल्या माणसांवर वाटले. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी. ज्याला जमीन नाही त्यालाही वाटा. ऊस मात्र घ्यायचा नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारला शेतीसाठी बोअर मारायला बंदी आहे. तिथे पडलेला पाऊस मोजतात, पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि मगच कोणती पिके घ्यायची ते ठरवतात.

आपल्या गावानेही असे करावे. पावसाळा संपला की ग्रामसभेत विहिरींचे पाणी मोजावे. पिण्याच्या सार्वजनिक पाण्यापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेऊ नये, असा कायदा १९९३ सालीच झाला होता; आपणही तसेच वागावे. आणि ज्यांनी जास्त उपसले त्यांनी आधी द्यावे. वस्तीवरच्या लोकांना 'पाणी जपून वापरा' असे सांगायला जाऊ नये. ते जपूनच वापरतात.

अण्णा, आज तुम्ही हे वाचणार हे मला ठाऊक आहे. रागावू नका. तुम्ही कर्ज काढले ते बोअरचे आणि मोटारीचे. पाणी कुणी विकत दिलेले नाही. या उन्हाळ्यात लाईट आली की पहिला तास आपली मोटार वस्तीच्या टाकीसाठी चालवा. दोन सऱ्या ऊस कमी झाला तरी चालेल. पण माझी मैत्रीण प्रार्थनेला माझ्या शेजारी उभी राहिली पाहिजे.

— इयत्ता ७ वीतील एक विद्यार्थिनी